हसण्यावारी नेलेले भाकीत : ‘मेटॅलोकॅलिप्स’ मालिकेचा शेवट

विनोदी मालिकेस शेवटाची गरज सहसा भासत नाही. प्रत्येक भागाच्या अखेरीस सारे पूर्वपदावर आले की पुढील भागाची सोय होते. ‘मेटॅलोकॅलिप्स’ या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेने मात्र ‘मेटल’ आणि ‘अपोकॅलिप्स’ या शब्दांच्या संकरातून घडविलेल्या आपल्या नावातच प्रलयाचे अभिवचन दिले होते. आणि ते पुरे होण्यास सतरा वर्षे जावी लागली.

ब्रेंडन स्मॉल व टॉमी ब्लाचा यांची ही निर्मिती ६ ऑगस्ट २००६ रोजी ‘ॲडल्ट स्विम’ या वाहिनीवर सुरू झाली. ‘डेथक्लॉक’ हा काल्पनिक मेटल वाद्यवृंद हा तिचा विषय. १९८४ च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या चित्रपटाशी तिचे नाते उघड आहे. पण त्यातील वादक उतरणीस लागलेले होते, तर येथे सारे जग त्यांच्या पायाशी लोळण घेते. त्यांच्या भोवती श्रोते व सेवक किड्यामुंगीसारखे मरतात, आणि या पाच जणांना त्याचे काहीच वाटत नाही.

तथापि मालिकेचा खरा विनोद घटनांपेक्षा वाणीत आहे. गायक नेथन एक्सप्लोजन रोजचे व्यवहारही घशातील घरघरीतच उरकतो. स्विडिश स्क्विसगार व नॉर्वेजियन टोकी हे गिटारवादक इंग्रजी शब्दांना नको तेथे अनेकवचनी ‘स’कार जोडतात. शिव्या झाकण्यासाठी गिटारचा कर्कश चीत्कार योजला आहे, म्हणजे वर्ज्य शब्दाची जागाही संगीतच घेते. (वाद्यवृंदाच्या नावातील मुद्दाम बिघडविलेले इंग्रजी वर्णलेखन देवनागरीत आणताच दुरुस्त होऊन जाते, ही आपल्या लिपीची एक गंमतच म्हणावयाची.) या साऱ्यांमागे एक उणीव आहे : करुणा वा कृतज्ञता व्यक्त करण्याची भाषाच या माणसांपाशी नाही. कोणी मायेने बोलू लागला की ते अवघडतात.

पहिल्या तीन पर्वांत भविष्यवाणीचा धागा विनोदाच्या आडोशाने चालतो. चौथ्या पर्वाच्या अखेरीस, २०१२ मध्ये, टोकीचे अपहरण होते आणि हसणे थांबते. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी प्रसारित झालेल्या ‘द डूमस्टार रेक्विएम’ या संगीतिकेत सोबती त्याला सोडवतात. मित्राची उणीव त्यांना भासली, ही कबुली त्यांना गाऊनच द्यावी लागते. पुढचे पर्व निघाले नाही. रसिकांनी मागणी लावून धरली, पण कथा अधांतरीच राहिली.

मे २०२१ मध्ये वाहिनीने तीन बंद पडलेल्या मालिकांवर चित्रपट काढण्याचे जाहीर केले, त्यांत ही एक होती. स्मॉल यांनी दिग्दर्शित केलेला ‘आर्मी ऑफ द डूमस्टार’ २२ ऑगस्ट २०२३ रोजी थेट विक्रीसाठी आला. प्रसारणाने अर्धवट सोडलेली कथा निष्ठावंत ग्राहकांच्या बळावर पुरी झाली.

या चित्रपटात नेथनपुढे कार्य येते ते ‘मुक्तिगीत’ रचण्याचे. येथे पहिल्या भागाचे स्मरण अपरिहार्य आहे. त्यात हाच वाद्यवृंद कॉफीची जाहिरात गातो आणि श्रोते उकळत्या कॉफीने होरपळतात. ज्या कंठाने २००६ मध्ये कॉफी विकली, त्याच कंठाकडे २०२३ मध्ये जगाचा उद्धार मागितला जातो. ज्याला साधे सांत्वनही जमत नाही, त्याने तारणाचे शब्द आणावयाचे कोठून? हा पेच युद्धाचा नसून भाषेचा आहे, आणि चित्रपटाचे सामर्थ्य त्यातच आहे.

उणिवाही आहेत. भाकितांचा पसारा इतका वाढला आहे की नवख्या प्रेक्षकास वाट सापडू नये. अकरा मिनिटांच्या जुन्या भागांतील चटपटीत संवादांची जागा पुष्कळदा निवेदनाने घेतली आहे. मर्डरफेसच्या अधःपाताला मात्र वजन आहे; जो सर्वांच्या कुचेष्टेचा विषय, त्याच्याच मत्सरातून शत्रूला आत शिरावयास वाट मिळते.

त्याच दिवशी ‘डेथक्लॉक’ची चौथी ‘डेथआल्बम’ ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली, आणि वर्षाअखेरीपूर्वीच स्मॉल हाडामांसाचे वादक घेऊन ‘बेबीमेटल’ या जपानी वाद्यवृंदासह अमेरिकेत दौऱ्यावर होते.