परठवणे आणि पिवळी पिशवी



‘परठवणे’ हा शब्द आपल्या घरात आलेल्या नव्या सुनेला पहिल्याच चातुर्मासात कळतो. साधू-साध्वी म. सा. नको असलेली वस्तू टाकत नाहीत, परठवतात. आधी जागा बघायची, किडा-मुंगी, हिरवळ नाही ना याची खात्री करायची, मग जयणेने ठेवायचे आणि ‘वोसिरे’ म्हणून त्यावरचा हक्क सोडायचा. पाच समितींतली शेवटची समिती खास यासाठीच आहे. मळ, मूत्र, कफ, रक्त ओले राहिले तर दोन घडीत, म्हणजे ४८ मिनिटांत, त्यात संमूर्च्छिम जीव उपजतात असे आपण मानतो. दवाखान्यातल्या कचऱ्याचे सरकारी नियम वाचताना मला गंमत वाटली. तिथेही ४८ आहे, फक्त तास. इतक्या वेळापेक्षा जास्त तो कचरा प्रक्रिया न करता ठेवायचा नाही. आकडा जुळला हा योगायोग, पण काळजी एकाच जातीची आहे.

आमच्या मंडळात एकीने विचारले होते, ऑपरेशननंतर त्या रंगीत पिशव्या जातात कुठे? उत्तर शोधता शोधता बराच इतिहास हाती लागला, तो आज लिहिते.

आमच्या लहानपणी दवाखान्यात कचरा फारसा नसेच. डॉक्टरांच्या टेबलावर स्टीलची चपटी डबी, तिच्यात काचेची पिचकारी उकळत असायची. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून पुन्हा धार लावत. पट्ट्या धुऊन, उकळून, दोरीवर वाळवून परत वापरत. उरला तो रक्ताचा कापूस आणि कापून काढलेला भाग. तो मागच्या अंगणात पुरत किंवा जाळत. जाळणे हा तर फार जुना उपाय. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीच्या धान्यबाजारात प्लेग निघाला तेव्हा रोग्यांच्या गाद्या-गोधड्या जाळल्या जात. आग लावली की रोग संपला, हा विश्वास तेव्हापासून सरकारी डोक्यात पक्का बसला असावा.

त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. पाणी उकळले का, किती वेळ उकळले, हे कोण बघत होते? त्या सुयांनी कितीतरी जणांना कावीळ दिली. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि भीतीने का होईना, एकदाच वापरायची प्लास्टिकची सिरिंज सगळीकडे आली. ती आली म्हणून माणसे वाचली. जीवदयेच्या हिशोबात हे जमेच्या बाजूला लिहायलाच हवे.

इथे आपल्या नागोठण्याचा संबंध येतो. आयपीसीएलचा गॅस क्रॅकरचा कारखाना इथे उभा राहिला (आता तो रिलायन्सकडे आहे), तो प्लास्टिकचे दाणे बनवणारा. उरणहून पाइपातून वायू येतो आणि त्यापासून पॉलिएथिलीन, पॉलिप्रोपिलीन तयार होते. सिरिंजची नळी ज्या जातीच्या प्लास्टिकची असते, ती हीच पॉलिप्रोपिलीन. आपल्या गावातल्या किती घरांची चूल या दाण्यांवर पेटली आहे, ते सांगायला नको. म्हणून प्लास्टिकला नुसती नावे ठेवणे मला जमत नाही. पण दाणे गावातून गेले, सिरिंज झाली, टोचून झाली, पुढे काय?

पुढे काय, हा प्रश्न पहिल्यांदा जोरात विचारला गेला तो अमेरिकेत. १९८७ आणि १९८८ च्या उन्हाळ्यात न्यूजर्सी आणि न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यांवर वापरलेल्या सिरिंज वाहत आल्या. किनारे बंद पडले, बोभाटा झाला आणि १९८८ मध्येच तिथल्या संसदेने दवाखान्याच्या कचऱ्याचा माग ठेवण्याचा कायदा केला. चौकशीत एक गोष्ट निघाली ती आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी. त्या सिरिंजपैकी बऱ्याचशा दवाखान्यांतल्या नव्हत्याच. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांच्या आणि नशा करणाऱ्यांच्या होत्या.

आपल्याकडे त्या वेळी दवाखान्याचा कचरा गावाच्या कचऱ्यातच जात होता आणि कचरा वेचणारी मुले तो उघड्या हातांनी निवडत होती. दिल्लीच्या कचऱ्यावरून डॉ. बी. एल. वढेरा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की पन्नास किंवा जास्त खाटांच्या रुग्णालयांनी कचरा जाळायची भट्टी किंवा तितकाच परिणामकारक दुसरा उपाय बसवावा. मग २० जुलै १९९८ रोजी देशभराचे जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम आले.

पण भट्टी म्हटली की सगळे एकदम आत, हा माणसाचा स्वभाव. सलाइनच्या नळ्या, हातमोजे, जेवणाच्या प्लेटा, पुठ्ठे, सगळे. क्लोरीन असलेले प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, जळले की डायॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते हवेतून चाऱ्यावर, चाऱ्यातून दुधात आणि तिथून आईच्या दुधात उतरते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने दवाखान्यांच्या भट्ट्यांना डायॉक्सिनच्या सर्वांत मोठ्या स्रोतांमध्ये धरले आणि तिथे एकामागून एक भट्ट्या बंद होऊ लागल्या. नेमक्या त्याच सुमारास आपण त्या बसवायला निघालो होतो. दिल्लीच्या सृष्टी संस्थेने तेव्हाच सांगितले होते की आधी वेगळे करा, जाळणे शेवटी. कोण ऐकतो!

वेगळे करा, यामागचे गणित साधे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा आपल्या घरातल्यासारखाच असतो. धोक्याचा तो १५ टक्के. पण हे १५ त्या ८५ मध्ये मिसळले की शंभरच्या शंभर धोक्याचे होतात. दुधाच्या पातेल्यात लिंबाचा एक थेंब पडावा तसे. आणि हे मिसळणे भट्टीपाशी होत नाही, ते खाटेपाशी होते. वॉर्डातली सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, हातात मोजे चढवलेली ही माणसे कुठल्या बादलीत काय टाकतात, त्यावर सगळे अवलंबून.

२०१६ चे नवे नियम मला म्हणून बरे वाटतात. १९९८ मध्ये कचऱ्याचे दहा प्रकार होते, ते कोणाच्या लक्षात राहणार? आता चार रंग आहेत. पिवळ्यात शरीराचे भाग, रक्ताचा कापूस, मुदत संपलेली औषधे. हे जाळायचे, तेही अशा भट्टीत की धूर दुसऱ्या कोठीत १०५० अंशांच्या आसपास निदान दोन सेकंद राहील. लालमध्ये प्लास्टिक. ते वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात येते. पांढऱ्या कडक डब्यात सुया, ब्लेड. निळ्यात काच. क्लोरीनच्या पिशव्या आणि मोजे बंद करायलाही याच नियमांत सांगितले. मुदत वाढत वाढत मार्च २०१९ पर्यंत गेली आणि रक्ताच्या पिशव्यांना सूट मिळाली, ते असो.

सुई लगेच कापायची किंवा जाळायची हा नियम का, हे ज्यांचे माहेर गुजरातमध्ये आहे त्यांना सांगायला नको. २००९ मध्ये साबरकांठा जिल्ह्यात मोडासाला हेपॅटायटिस-बी ची साथ आली, कितीतरी बळी गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या जात होत्या, आणि तपासात अशा जुन्या सिरिंजचे साठे सापडले. हा व्यापार करणारेही कोणाच्या तरी घरचेच.

हा सगळा इतिहास वाचून मला एक गोष्ट खटकत राहिली. प्रत्येक वेळी कचरा संपला नाही, फक्त दार बदलले. अमेरिकेतला तापमापकाचा कारखाना १९८३ मध्ये कोडाईकनालला आणला गेला. पुढे पारा लागलेल्या फुटक्या काचा तिथे भंगारवाल्याकडे सापडल्या आणि २००१ मध्ये तो बंद झाला. मुंबईच्या दवाखान्यांचा कचरा २००९ पासून गोवंडीत, देवनार डंपिंगच्या शेजारी जाळला जाऊ लागला. दाटीवाटीच्या वस्तीत, गरिबांच्या नाकाखाली. मे २०२१ मध्ये देशात नुसता कोविडचाच कचरा दिवसाला २०० टनांच्या घरात गेला, तेव्हा त्या लोकांनी काय सोसले असेल! रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो प्रकल्प दोन वर्षांत हलवायला सांगितले. कुठे? खालापूर तालुक्यात, म्हणजे आपल्या रायगडात.

गोवंडीच्या बायकांना मोकळा श्वास मिळावा, याबद्दल माझ्या मनात जराही दुमत नाही. पण पाताळगंगा आणि आपली अंबा शेवटी एकाच धरमतरच्या खाडीला मिळतात, हेही मी विसरू शकत नाही. परठवताना जागा निर्जीव आहे का हे बघायचे असते. आता निर्जीव जागा उरली आहे कुठे?

मी कॉमर्सची, म्हणून हिशोबाकडे नजर जातेच. बऱ्याच ठिकाणी दवाखाने या कचऱ्याचे पैसे खाटेमागे रोजाप्रमाणे भरतात. पिशवी अर्धी भरो की ओसंडो, बिल तेच. मग कमी करायची गरज कोणाला वाटेल? वजनावर पैसे घेतले तर पुठ्ठे आणि प्लेटा आपोआप पिवळ्या पिशवीबाहेर येतील, असे मला वाटते. अर्थात मग कोणी सुयाच गटारात टाकेल, ही भीतीही आहे. म्हणून नुसता दर बदलून भागणार नाही, बारकोड आणि तपासणीही लागेल. आपल्या समाजातली बरीच मंडळी रुग्णालयांच्या ट्रस्टवर आहेत. देणगीची पाटी लावताना त्यांनी एकदा मागच्या दाराची कचऱ्याची खोली बघून यावी, एवढे सांगायला आपण घरच्या बायका पुरेशा आहोत.

आणि घरचे. सासूबाईंचे इन्सुलिन चालू होते तेव्हापासून आमच्याकडे फिनाइलची जाड रिकामी बाटली असते. सुया तिच्यात, झाकण घट्ट, वर ‘सुया’ असे मोठ्या अक्षरात. भरली की आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात देते, त्यांच्या पांढऱ्या डब्याबरोबर ती जाते. २०१६ च्याच घनकचऱ्याच्या नियमांत घरातल्या सुया, तापमापक, मुदत संपलेली औषधे वेगळी द्यायची आणि पॅड-डायपर गुंडाळून द्यायचे असे लिहिले होते. कचऱ्याच्या गाडीवरची जी मुलगी आपली बादली रिकामी करते, तिच्या हातात मोजे असतातच असे नाही.