बोर्दो येथील कायो द्वार

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत गारोन नदीच्या डाव्या तीरावर बोर्दो हें नगर वसलें आहे. नदी येथें चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून या बंदरास ‘चंद्राचें बंदर’ असें नांव पडलें. जुन्या तटाचीं जीं थोडीं द्वारें अद्याप उभीं आहेत, त्यांपैकीं नदीसन्मुख असलेलें कायो द्वार सुमारें ३५ मीटर उंच असून त्याचें बांधकाम इ. स. १४९३ ते १४९६ या अवधींत झालें.

प्रचलित समज असा कीं, आठव्या चार्ल्स राजानें ६ जुलै १४९५ रोजीं इटलींत फोर्नोव्हो येथें मिळविलेल्या विजयाचें हें स्मारक होय. नदीकडील दर्शनी अंगावर राजाची मूर्ति आहे. त्या लढाईंत हजर असलेला बोर्दोचा आर्चबिशप कार्डिनल देपिने याचीही आहे. तथापि तिथी ताडून पाहतां काम लढाईपूर्वींच हातीं घेतलें होतें हें उघड होतें. विजयासाठीं द्वार उभारलें नाहीं. उभ्या राहत असलेल्या द्वारास विजय मागाहून जोडला, असें आमचें मत आहे. आज दिसणारी राजमूर्तिही मूळची नव्हे. मूळची राज्यक्रांतींत फोडली गेली, व सांप्रतची १९ व्या शतकाच्या अखेरची आहे. मूर्तीवरून कालनिर्णय करणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आणि विजय तरी कोणाचा? नेपल्सहून परतणाऱ्या फ्रेंच सैन्यास इटालियन संघानें तारो नदीकांठीं अडविलें. फ्रेंच पार निसटले, पण राजाचें सामानसुमान लुटलें गेलें. उलट माणसें इटालियनांचीं अधिक पडलीं. संघाचा सेनापति, मांतुआचा फ्रांचेस्को गोंझागा, यानेंही स्वतःस विजयी मानून मांतेन्या या चिताऱ्याकडून इ. स. १४९६ मध्यें विजयदायिनी मेरीचें चित्र काढविलें. एकाच लढाईचीं हीं दोन विजयस्मारकें! तें चित्र पुढें फ्रेंचांनींच उचलून नेलें, व तें आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांत आहे.

बांधणींतही असाच दुटप्पीपणा आहे. वरून खालीं सोडावयाचें जाळीचें द्वार, जंग्या, शत्रूवर मारा करण्यासाठीं माथ्याशीं पुढें काढलेला सच्छिद्र कठडा, हीं संरक्षणाचीं अंगें आहेत खरीं. पण नक्षीदार खिडक्या व निमुळतीं शिखरें पाहतां वैभवप्रदर्शनाचाच हेतु बलवत्तर दिसतो.

नांवाविषयीं दोन पक्ष आहेत. कोणी तें कायो नामक धनिक घराण्यावरून आलें म्हणतात. कोणी तेथील गलबतांच्या भारासाठीं लागणाऱ्या गोट्यांवरून, कारण स्थानिक गास्कों भाषेंत त्या शब्दाचा अर्थ गोटा असाच आहे. परंतु घराण्याचें नांवही त्याच शब्दावरून आलेलें असणें संभवतें. तेव्हां नुसत्या व्युत्पत्तीनें हा वाद सुटणारा नव्हे. तो एखाद्या जुन्या खरेदीपत्रानेंच सुटेल.

द्वाराच्या आंत आक्वितेनच्या ड्यूकांचा ओंब्रियेर वाडा होता. इ. स. १४५३ मध्यें इंग्रजांची सत्ता गेल्यावर १४६२ पासून तेथें बोर्दोचें न्यायपीठ बसूं लागलें. वाडा इ. स. १८०० मध्यें पाडला गेला. द्वारालगतच्या चौकास मात्र अजून राजवाड्याचा चौक म्हणतात.