रूट कॅनल उपचार
किडलेला दात न उपटता त्याच्या मुळातील संसर्ग काढून दात टिकवण्याची चिकित्सा. कीड दाताच्या आतील दंतमज्जेपर्यंत पोचली की गार-गरम पाण्याची कळ रेंगाळते आणि रात्री ठणका लागतो. जालना जिल्ह्यात काय, इतरत्र काय, दाढेत लवंग धरण्याचा उपाय घरोघरी आहे. लवंगेतील युजेनॉलने ठणका बधिर होतो, कीड मात्र राहते. मज्जा मेली की दुखणे आपोआप थांबते आणि रुग्ण फसतो. पू मुळाच्या टोकाशी साठतच असतो. नुसत्या प्रतिजैविक गोळ्यांनीही भागत नाही, कारण मेलेल्या मज्जेत रक्तप्रवाहच नसतो.

उपचारात जागा बधिर करून दाढेला वरून छिद्र पाडतात. केसासारख्या बारीक फाइलींनी मुळांतील नलिका खरवडतात, सोडियम हायपोक्लोराइटने धुतात आणि गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात. खालच्या दाढेला मुळे बहुधा दोन, पण नलिका तीन किंवा चार. एखादी सुटली तर दुखणे उलटते. नंतर दाढेवर कॅप बसवावी लागते. ती टाळणे महागात पडते, कारण पोखरलेली दाढ चावताना तडकते.

जालन्यातील गुंतागुंतीच्या रुग्णांना सुमारे 60 किमीवरील छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय जवळचे.