वीस वॅटची बखर

पुण्यात इतिहाससंशोधन हा पापड-कुरडयांसारखा घरगुती उद्योग आहे. ज्याच्या माळ्यावर एक ट्रंक आणि ट्रंकेत कसर लागलेलं एक दप्तर, तो संशोधक. त्याने एक कागद छापायचा, दुसऱ्याने तो बनावट ठरवायचा, आणि तिसऱ्याने या दोघांनाही मोडी वाचता येत नाही असं वर्तमानपत्राला पत्राने कळवायचं. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ याच गावात निघालं हे काही उगीच नव्हे. आमच्या माळ्यावर मात्र एक मोडकी वेताची खुर्ची आणि लग्नातला रुखवताचा पितळी मोर, एवढंच होतं. त्यामुळे वयाची पंचावन्न वर्षं मी इतिहासाला एक दमडीही न देता काढली.

२००९ साली तो योग आला. एका रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो. जायचं कारण सायकलचा पंप. तिथे एका पोत्यावर दोन समया, बंद पडलेली चार घड्याळं आणि एकाच पायाचे तीन बूट यांच्या सोबतीला एक करड्या रंगाची चपटी पेटी पडली होती. मी वाकून नाव वाचलं आणि वाकलेलाच राहिलो. एनएडी ३०२०!

तरुणपणी मी बुधवार पेठेतून सुटे भाग आणून अँप्लिफायर जोडत असे. टू-एन-थ्री-झीरो-डबल-फाइव्ह नावाचे, टोपी घातलेल्या माणसासारखे दिसणारे दोन ट्रान्झिस्टर, एक ट्रान्सफॉर्मर, आणि बाकी देवावर भरवसा. त्यातून गाण्यापेक्षा गुणगुण जास्त यायची. परदेशी मासिकांच्या जुन्या अंकांत या ३०२०चा फोटो मी इतक्यांदा पाहिला होता, की सौभाग्यवतींचा फोटो पाहायला आला तेव्हा त्यांची त्याच्याशी तुलना करण्यापर्यंत मजल गेली होती. (दोघींपैकी एकच मिळेल असं वाटल्याने होकार दिला. हे वाक्य घरात वाचलं जाणार नाही अशी आशा आहे.)

"घ्या साहेब, फॉरेन आहे," विक्रेता म्हणाला. "एक साइड बोलत नाही. पण दुसरी लई बोलती."

अकराशेपासून सुरू झालेला सौदा सहाशेवर तुटला. पंप राहिला.

घरी पेटी टेबलावर ठेवली. हिचं पहिलं मत, "हे पुसलं तर खाली काहीतरी निघेल का?" निघालं. झाकणावरची धूळ पुसल्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेलं एका गणेशोत्सव मंडळाचं नाव निघालं. सतरंजी, खुर्ची, पातेलं, जे हलू शकतं त्यावर मंडळं नाव घालतात. ताम्रपटानंतर या देशात एवढा टिकाऊ पुरावा दुसरा नाही. मी संशोधक झालो तो त्या क्षणी.

आता थोडं मागे जाऊ. बखर म्हटली की सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करावी लागते. इथली सृष्टी म्हणजे वॅट. जेम्स वॅटला आपलं वाफेचं एंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकाकडे घोडे होते. म्हणून त्याने एंजिन किती घोड्यांचं काम करतं ते सांगायला सुरुवात केली. वॅट वारला १८१९ मध्ये. १८८२ साली सीमेन्स नावाच्या शास्त्रज्ञाने शक्तीच्या मापाला त्याचं नाव सुचवलं. एक घोडा म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे या मापाचं मूळच विक्रीच्या बोलण्यात आहे, हे लक्षात ठेवावं. पुढे जे झालं ते रक्तातलं होतं.

दुसरा पुरुष हॅरल्ड ब्लॅक. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतला हा इंजिनियर २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदीवरच्या बोटीतून कामावर निघाला होता. टेलिफोनच्या अँप्लिफायरमधून आवाज मोठा व्हायचा, पण वेडावाकडाही व्हायचा, हे त्याचं कित्येक वर्षांचं दुखणं. बोटीतच त्याला सुचलं, की बाहेर आलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून परत आत पाठवावा. आवाज वाढणं कमी होतं, पण येतो तो सरळ येतो. जवळ कागद नव्हता, म्हणून हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर त्याने ते लिहून काढलं. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं, कारण असं काही चालेल यावर कचेरीचा विश्वास बसेना. ते कचेरीतले साहेब अविवाहित असावेत. नवऱ्याच्या तोंडून निघालेल्या वाक्याचा थोडा भाग उलटा करून त्याच्याच तोंडावर परत पाठवला, की आवाज कमी आणि बोलणं सरळ होतं, हा शोध प्रत्येक घरात १९२७च्या आधीच लागलेला होता.

मधले ट्रान्झिस्टर वगैरे सोडून देतो. अमेरिकेत सत्तरच्या दशकात वॅटचा बाजार भरला. ज्याला जसं वाटेल तसं त्याने मोजावं. क्षणभर उसळलेला आवाज मोजायचा, दोन्ही बाजूंची बेरीज करायची, आणि वर आणखी थोडे दक्षिणेसारखे ठेवायचे. शेवटी १९७४ साली तिथल्या सरकारने नियम केला. आधी एक तृतीयांश ताकदीवर तासभर चालवून पेटी तापवा, मग प्रत्येक बाजूने सलग किती वॅट निघतात ते मोजा, आवाज किती बिघडतो तेही सांगा आणि तेवढंच छापा. मग कंपन्या खरोखरीच ताकद वाढवायला लागल्या. पायोनियरने १९७६ साली १६० वॅटचा रिसीव्हर काढला आणि १९७८ साली २७० वॅटचा. त्या दुसऱ्याचं वजन पस्तीस किलो. म्हणजे गाणं ऐकण्याआधी दोन हमाल.

त्याच १९७८ साली, लंडनला १९७२ मध्ये निघालेल्या एनएडी कंपनीने हा ३०२० बाजारात आणला. एरिक एडवर्डसन या इंजिनियरची ही करामत. ताकद वीस वॅट. पण ते वीस वॅट देशस्थांच्या पंगतीतल्या वाढप्यासारखे होते. पानात वाढताना बेताचे, आग्रह झाला की थांबायचं नाव नाही. संगीतातल्या क्षणभराच्या उसळीला पेटी दुपटीने द्यायची. स्पीकर कितीही खादाड असला तरी दमायची नाही. स्वस्त होती, दिसायला सामान्य होती, आणि लाखोंनी खपली.

वीस वॅट कमी वाटतात, कारण आपला हिशेब चुकीचा असतो. वॅट दुप्पट केले तर कानाला फरक पडतो तीन डेसिबलचा, म्हणजे "वाढलं का हो थोडं?" एवढाच. आवाज दुप्पट झाला असं वाटायला वॅट दसपट लागतात. घरात आपण गाणी ऐकतो ती बहुतेक वेळ एखाद्या वॅटवर. पण नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्या चकचकीत पेट्या आल्या त्यांच्यावर हजार-हजार वॅट छापलेले असत आणि शेजारी बारीक अक्षरांत 'पीएमपीओ'. त्याची व्याख्या कुठल्याच पुस्तकात धड नाही. आमची इस्त्री साडेसातशे वॅटची आहे. ते हजार वॅट खरे असते तर भूप ऐकता ऐकता शर्ट कडक करून घेता आला असता.

असो. ताम्रपट घेऊन मी मंडळात गेलो. अध्यक्ष आता पोट आणि नगरसेवकपदाची इच्छा बाळगून होते. त्यांनी पेटी लगेच ओळखली.

"डबडं होतं हो! ब्याण्णव साली घेतलं, डॉक्टरांकडून. आरतीपुरतं ठीक. मिरवणुकीत ढोल लागला की ऐकायलाच येईना. काय दम नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण जळलं नाही. चार वर्षं आम्ही फुल्ल पिळलं, पोरांनी त्याच्यावर चहा सांडला. जळलं नाही."

याचं कारण मला ठाऊक होतं, पण अध्यक्षांना सांगितलं नाही. ताकदीबाहेर आवाज मागितला की अँप्लिफायर ध्वनिलाटेचे शेंडे सपाट कापतो. कानाला ती खरखर लागते आणि स्पीकर जळतो. या पेटीच्या पाठीवर एक बारीक खटका आहे, तो टाकला की शेंडे कापले न जाता गोल होतात. अध्यक्षांच्या कारकिर्दीत तो चुकून पडलेला होता.

डॉक्टर ऐंशीचे. एक्याऐंशी साली इंग्लंडहून परतताना त्यांनी पेटी आणली. त्यांचं मत बरोबर उलट. "प्रचंड पॉवर! राक्षस होता राक्षस! मी ते बटण कधी नवाच्या पुढे नेलं नाही." नवाच्या म्हणजे घड्याळातल्या नवाच्या. बटण सातला सुरू होतं. तिकडे घरमालकीण खाली राहायची आणि इकडे त्यांच्या दिवाणखान्याखाली त्यांचंच प्रसूतिगृह. अकरा वर्षं त्यांनी तो राक्षस बाळंतिणींच्या धाकाने कुजबुजत ठेवला, आणि मग हजार वॅटवाली पेटी घेतली. तीही नवावरच ठेवली असणार.

एक पेटी, आणि साक्षी अशा. पानिपतावर दोनशे वर्षं भांडणं चालतात त्याचं मला आता नवल वाटत नाही.

तिसरे मालक मंडळाच्या वहीत सापडले. १९९६, सदाशिव पेठ, बँकेतून निवृत्त. ते २००८ साली गेले होते. दार काकूंनी उघडलं. मी पेटीचं नाव काढताच म्हणाल्या, "परत द्यायला आलात का? मी घेणार नाही."

नाही म्हटल्यावर आत बसवलं. बारा वर्षं रोज रात्री साडेनऊला ह्यांचं गाणं सुरू व्हायचं, त्या सांगत होत्या. दोन खोल्यांचं घर, झोप नाही, शेजाऱ्यांची तोंडं. आवाज कमी करा म्हटलं की 'हो' म्हणायचे आणि डोळे मिटायचे.

"चालू आहे का आता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की विकत घेतली तेव्हा डावी बाजू मुकी होती. बिघाड काहीच नव्हता. या पेटीच्या पाठीवर यू आकाराच्या धातूच्या दोन छोट्या पिना असतात, डावीला एक, उजवीला एक. आतला आवाज त्या पिनेतून बाहेर येऊन परत आत जातो. त्यांतली एक हरवली होती. मी तांब्याची तार वाकवून खोचली आणि बोलायला लागली.

काकू उठल्या. कपाटातून बटणं ठेवायची डबी आणली. सेफ्टी पिना, हुक, एक लोलक, आणि त्यांच्यात ती यू आकाराची पिन.

"धूळ पुसताना हाताला लागली," त्या म्हणाल्या. "२००४ची दिवाळी. बघू तरी म्हणून ओढली. रात्री ह्यांनी गाणं लावलं तर आवाज अर्धा! मला इतकं बरं वाटलं."

"काकांना कळलं नाही?"

"त्यांना वाटलं, डावा कान गेला."

मी हसलो, आणि त्या हसत नाहीत हे बघून थांबलो. १९३१ साली इंग्लंडात ॲलन ब्लमलाइनने दोन वाटांनी आवाज नेण्याचं पेटंट मागितलं. सिनेमातला माणूस पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं होतं म्हणे. आवाज कुठून येतो हे कळायला दोन्ही कान लागतात, एवढंच त्यात होतं. सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत एका माणसाने चार वर्षं उजव्या कानावर भागवलं.

"डॉक्टरकडे गेले नाहीत?"

"वय झालं म्हणाले. मी सांगणारच होते. पण मग त्यांनी खुर्ची हलवली, उजवीकडच्या खोक्याजवळ. ते इथं होतं, स्वयंपाकघराच्या दाराशी. मी आत आवरत असायची, ते इथं बसायचे. मधेच म्हणायचे, ही जागा ऐक. त्याआधी कधी बोलायचे नाहीत गाणं चालू असताना." त्यांनी डबीतली पिन बोटाने फिरवली. "मग राहिलं सांगायचं."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

"आवाज कसा होता, काकू?" मी विचारलं. संशोधक म्हणून तिसरं मत नोंदवणं भाग होतं.

"चांगला होता हो. त्यांना नाही म्हटलं कधी."

निघताना मी पिनेकडे बघितलं असावं. काकूंनी विचारलं, "तुमची तार चांगली चालते ना?"

"चालते."

"मग ठीक आहे," म्हणून त्यांनी डबीचं झाकण लावलं.

पेटी अजून आमच्याकडे आहे आणि तांब्याच्या तारेवर चालते. रात्री साडेनऊला लावतो. हिचं मत असं, की आवाज जरा जास्त आहे. पेटीची मागची बाजू मी स्वतः पुसतो.