मोमियाई, माफीनामा आणि खोटं ठरवणारा माणूस

'सोशल मीडियावरच्या खोट्या बातम्या काढून टाकाव्यात का?' हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, काढा की! लोक मरतात त्याने. दुसरी म्हणते, काढणारा कोण? आज तो खोटं काढेल, उद्या गैरसोयीचं खरंही काढेल. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच हा वाद संपत नाही. तर या शनिवारी म्हटलं, फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप जरा बाजूला ठेवू आणि हाच वाद आपल्या मुंबई-पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी कसा झाला ते बघू. प्लेगच्या साथीत.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने पेशंट उचलून हॉस्पिटलात न्यायला सुरुवात केली आणि गावभर एक बातमी फिरू लागली, की हॉस्पिटलात माणसं मारतात आणि त्यांच्या अंगातून 'मोमियाई' नावाचं तेल काढतात. त्याच सुमारास मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं. मग त्याचा सूड म्हणून राणीला माणसांची काळजं हवीत, अशीही आवृत्ती निघाली. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला. लोक आजारी माणसं लपवू लागले, शहर सोडून पळू लागले आणि प्लेग त्यांच्याबरोबर गावोगाव गेला.

म्हणजे पहिल्या पार्टीचं म्हणणं इथेच सिद्ध होतं. अफवेने माणसं मरतात. त्यासाठी १८९६ मध्ये जायचीही गरज नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत फिरणारी माणसं. त्यांच्या घरच्यांसमोर 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य अमर्याद हवं' हे वाक्य मला तरी बोलता येणार नाही.

पण आता पुढचं बघा.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. त्यात एक कलम असं, की या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्या कुणावरही दावा लावता येणार नाही. पुण्यात रँडसाहेबांची प्लेग कमिटी बसली आणि घरं तपासायला चक्क गोरे सोल्जर आले. देवघरापर्यंत बूट, बायकांची तपासणी, सामानाची होळी. त्या वेळी टिळक 'केसरी'तून काय सांगत होते? स्वच्छता ठेवा, उपाययोजनेला साथ द्या. त्यांनी हिंदूंसाठी वेगळं प्लेग हॉस्पिटल उभं करायला पुढाकार घेतला. सोल्जरांच्या जुलमावर मात्र ते तुटून पडले. थोडक्यात, अफवेला उतारा ठरू शकेल असं माध्यम पुण्यात होतंच. लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे, कारण ते सरकारची चूकही सांगायचं.

२२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. बरोबरचा आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला गेला. पुढचा इतिहास आपण शाळेत शिकलो. शाळेत सहसा निसटतो तो भाग गोखल्यांचा.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनसमोर साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून त्यांना पत्रं येत होती. त्या पत्रांच्या आधारावर त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मधून सांगितलं, की सोल्जरांनी दोन बायकांवर बलात्कार केला आणि त्यातल्या एकीने नंतर जीव दिला. पार्लमेंटपर्यंत गदारोळ झाला. मुंबई सरकार म्हणालं, पुरावा द्या. गोखले जुलैअखेर परत आले तोवर पुण्यात धरपकड चालू होती. टिळकांना २७ जुलैला अटक झाली होती आणि नातू बंधूंना खटला न चालवताच डांबलं होतं. अशा वेळी कोण बाई पुढे येऊन सांगणार, की ती मीच? कोण पत्रलेखक स्वतःचं नाव देणार? गोखल्यांकडे सिद्ध करण्याजोगं काही उरलं नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. त्यावरून आपल्याच लोकांनी त्यांची जी संभावना केली ती वेगळीच.

आता मला सांगा, ती बातमी खोटी होती का?

रेकॉर्ड सांगतं, ती सिद्ध झाली नाही. बास. 'सिद्ध झालं नाही' आणि 'खोटं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या धंद्यात ज्याने कधी बग रिपोर्ट हाताळलाय त्याला हा फरक पक्का माहीत असतो. 'माझ्या मशीनवर रिप्रोड्यूस होत नाही' म्हणजे बग नाही असं नव्हे. शिवाय पुरावा मागणारं सरकार, साक्षीदार ज्याला घाबरतात तेही सरकारच, आणि आरोप ज्यांच्यावर ती माणसंही सरकारचीच. या सिस्टिममधून 'खोटं' हाच आउटपुट येणार होता, मग इनपुट काहीही असो.

टिळकांचा खटला तर याहून बोलका. मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यासमोर तो चालला. एखादी खोटी बातमी छापली असा आरोपच नव्हता. आरोप होता राजद्रोहाचा, १५ जूनच्या 'केसरी'तल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावरून. न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावलं, की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. झालं! सहा युरोपियन विरुद्ध तीन हिंदी ज्यूरर, १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी. मोमियाईची गोष्ट रचणारा मात्र कुणालाच सापडला नाही. कसा सापडणार? अफवेला संपादक नसतो, छापखाना नसतो, पत्ता नसतो. कायदा गेला तो पत्ता असलेल्या माणसाकडे.

आणि मग १८९८ मध्ये पीनल कोड दुरुस्त झालं. अफवांबद्दलचं कलम ५०५ आधीपासून होतं, पण त्यात 'खोटं आहे हे माहीत असून' अशी अट होती. दुरुस्तीत ती अट उडाली. तिच्याऐवजी आला एक अपवाद: विधान खरं मानायला वाजवी कारण असेल आणि वाईट हेतू नसेल तर गुन्हा नाही. वाचायला छोटासा बदल, पण आता सिद्ध करायचं ओझं बोलणाऱ्याच्या डोक्यावर आलं. हे कलम स्वातंत्र्यानंतरही राहिलं, १९६२ च्या केदारनाथ सिंग निकालात टिकलं, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ म्हणून नांदतंय. त्यात 'खोटी माहिती' आणि 'इलेक्ट्रॉनिक माध्यम' हे शब्द नवे घातलेत.

कुणी म्हणेल, ते इंग्रज होते, वाईट होते. आज तज्ज्ञ नेमा, शास्त्रज्ञ नेमा, ते ठरवतील. ठीक. मग हाफकिनसाहेबांची गोष्ट ऐका.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात एका बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. सरकारी चौकशी बसली. निष्कर्ष असा, की बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली. हाफकिन यांचं पद गेलं. पुढे हळूहळू बाहेर आलं, की बाटली उघडताना गावात चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. आज परळच्या त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

१९०३ मध्ये 'सरकारी निष्कर्षाविरुद्ध छापू नये' असा नियम असता तर? रॉस यांचं पत्र 'दिशाभूल करणारं' म्हणून उडालं असतं, तेही तज्ज्ञांच्या अहवालाचा हवाला देऊन.

म्हणून २०२३ च्या आयटी नियमांतली दुरुस्ती वाचताना मला पुणं आठवलं. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल काय 'बनावट, खोटं किंवा दिशाभूल करणारं' ते केंद्राचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार, आणि प्लॅटफॉर्मने ऐकलं नाही तर त्याचं कायदेशीर संरक्षण जाणार. हा नियम मुंबई उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांत मतभेद झाले, मग तिसरे न्यायाधीश अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला नियम घटनाबाह्य ठरवला. टिळकांना शिक्षा सुनावणारं कोर्ट हेच, हा योगायोग मला आवडला.

मग करायचं काय? राईनपाडा होऊ द्यायचा? नाही. माझं मत असं, की मजकुराचा वेग कमी करा, मजकूर पुसू नका. राईनपाड्यानंतर काही आठवड्यांतच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजला एकाच चॅटची मर्यादा आली आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार असे फॉरवर्ड सुमारे ७० टक्क्यांनी घटले. इथे खरं-खोटं कुणीच ठरवलं नाही. मोमियाईची गोष्ट पसरायला हजारो तोंडं लागतात, गोखल्यांच्या बातमीला एक वर्तमानपत्र पुरतं. वेगाच्या मर्यादेने पहिली मंदावते, दुसरी जिवंत राहते.

जिथे काढावंच लागेल, म्हणजे 'अमक्याला मारा' असा मजकूर, तिथे काढा. पण कारण लिहून, अपील ठेवून, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यालाच पंच न करता. यातूनही काही खोटं उरेल आणि त्याने कुणाचं तरी नुकसान होईल, हे मला मान्य आहे. ती किंमत छोटी नाही. पण दुसऱ्या बाजूची किंमत कुठल्याच आकडेवारीत येत नाही म्हणून ती शून्य धरता येत नाही. पुण्यातल्या त्या दोन बायकांसारखी माणसं तिच्यात असतात. त्यांच्याबद्दल सरकारी दप्तरात आजही एवढंच आहे: आरोप मागे घेतला.