निजामिया वेधशाळा आणि आपली मुले



मूल बारावी चांगल्या गुणांनी पास झाले की नांदेड-लातूरच्या घरांत पुढचे उत्तर ठरलेलेच असते: डॉक्टर, नाही तर इंजिनिअर. अशा वेळी एखादी मुलगी म्हणाली, ‘मला ग्रहताऱ्यांचा अभ्यास करायचा आहे,’ तर वडीलधारी मंडळी ते हसण्यावारी नेतात. ही विद्या मोठ्या शहरांची, आपल्या मुलखाची नव्हे, असा समज त्यामागे असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

1948 पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानातील नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून 15 इंची दुर्बीण मागवली आणि 1901 साली हैदराबादेत वेधशाळेचा पाया घातला. तीच निजामिया वेधशाळा. नवाबांच्या निधनानंतर 1908 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि 1919 साली ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपल्या भागातील महाविद्यालये याच उस्मानियाशी जोडलेली होती. म्हणजे ही वेधशाळा परक्याची नव्हती.

तिथे काम काय चाले? 1887 साली पॅरिसला जमलेल्या ज्योतिर्विदांनी साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची यादी करण्याचे ठरवले आणि आकाशाचे पट्टे निरनिराळ्या वेधशाळांना वाटून दिले. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील 17 ते 23 अंशांचा पट्टा पुढे हैदराबादकडे आला. 1914 पासून काचेच्या तबकड्यांवर छायाचित्रे घेणे, एकेका ताऱ्याची जागा मोजणे आणि आकडे वहीत उतरवणे हे काम वर्षानुवर्षे चालले. पोकॉक, त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन हे संचालक होते. 1944 ते 1960 या काळात मोहम्मद अकबर अली होते. हैदराबादेत सात लाखांहून अधिक ताऱ्यांची मोजणी झाली.

ही मेहनत वाया गेली नाही. 2000 साली युरोपात सुमारे 25 लाख ताऱ्यांची ‘टायको-2’ ही सूची तयार झाली. तारे किती सरकले हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांनी जुन्या वेधशाळांची मोजमापे वापरली. त्यांत हैदराबादचीही होती.

याच वेधशाळेतील एका सहायकाचा मुलगा म्हणजे वेणू बाप्पू. हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिकून, सरकारी शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. 1949 साली त्यांनी सहकाऱ्यांसह एक धूमकेतू शोधला आणि 1979 मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष झाले. निजामियाचे पुढचे एक संचालक कृ. दा. अभ्यंकर हे तर मराठी भाषक. 1968 च्या सुमारास जपाल-रंगापूर येथे 48 इंची दुर्बीण उभी राहिली.

आज हा मार्ग अधिक जवळ आला आहे. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लिगो-इंडिया’ प्रकल्पास एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्याच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या असणार आहेत. अशा ठिकाणी खगोलशास्त्रज्ञांबरोबरच लेसर, निर्वात यंत्रणा आणि संगणक जाणणारेही लागतात.

वाट अशी आहे: बारावीला भौतिकशास्त्र व गणित पक्के करावे, भौतिकशास्त्रात बी.एस्सी. व एम.एस्सी. करावे, मग प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या आयुका किंवा एनसीआरए यांसारख्या संस्थेत पीएच.डी.साठी जावे. तिथे निवड झालेल्या विद्यार्थ्याला दरमहा पाठ्यवृत्ती मिळते. संशोधनाच्या जागा थोड्या आहेत, हे पालकांपासून लपवू नये. मात्र ज्याला ती जागा मिळाली नाही, त्याचे गणित, संगणक आणि भौतिकशास्त्र अध्यापनात व उद्योगात कामी येतेच.

हैदराबादच्या त्या काचेच्या तबकड्या मोजणारे कुणी अलौकिक बुद्धीचे लोक नव्हते. रोज थोडे, पण बिनचूक काम करणारी ती माणसे होती. तेवढी चिकाटी आपल्या मुलामुलींत नाही, असे कोण म्हणेल? तेव्हा पालकहो, पुढच्या वेळी घरातले मूल आकाशाबद्दल विचारील, तेव्हा हसू नका. त्याला गणिताचे पुस्तक आणून द्या.