सकळ लिपी : गुप्तता आणि तिची सिद्धता

नाशिकच्या एचपीटी कला आणि आरवायके विज्ञान महाविद्यालयात साहित्याचे आणि विज्ञानाचे वर्ग एकाच आवारात भरतात. इकडे 'लीळाचरित्र', तिकडे संगणकशास्त्र. या दोहोंमधला एक दुवा सहसा आपल्या लक्षात येत नाही. तो म्हणजे महानुभावांची सकळ लिपी.

तेराव्या शतकात चक्रधरांनी मराठीतून उपदेश केला, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी संकलित केल्या आणि संस्कृत न जाणणाऱ्या साधकांसाठी नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला. पुढे चौदाव्या शतकात याच पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले. त्यांतल्या प्रमुख सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांकडे देते. ज्यांनी भाषेचे दार उघडले, त्यांनीच लिपीचे दार लावून घेतले.

एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह, ही या लिपीची मेख. अशा संकेताचे मर्मस्थान नवव्या शतकात अल-किंदीने दाखवले होते : कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजले, की भाषा स्वतःच फितूर होते. मराठीतले पुनःपुन्हा येणारे प्रत्यय तर शोधकाचे सोबतीच. 1883 मध्ये कर्कहॉफ्स यांनी नियम सांगितला, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी किल्ली गुप्त असेपर्यंत संदेश सुरक्षित राहिला पाहिजे. सकळ लिपीत मात्र पद्धत हीच किल्ली होती. पुढे 1949 मध्ये शॅनन यांनी परिपूर्ण गुप्ततेचे गणित मांडले आणि 1982 मध्ये गोल्डवासर व मिकाली यांनी गुप्ततेची काटेकोर व्याख्या दिली. तेव्हापासून या शास्त्राचा पहिला धडा ठरला : काय राखायचे आणि कुणापासून, हे आधी सांगा, मगच सिद्धतेची भाषा बोला.

हा धडा आपल्या अभ्यासालाही लावून पाहावा. पंथाबाहेरच्या वाचकापासून अर्थ राखण्यात ही लिपी शतकानुशतके यशस्वी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आदींच्या परिश्रमांनी हे वाङ्मय अभ्यासकांपुढे आले. परंतु लिपीमुळे ग्रंथ मूळ रूपात शुद्ध राहिले, असे जे सरसकट म्हटले जाते, ते तपासून घ्यायला हवे. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धाडीत गेली व ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध झाला, असे परंपराच सांगते. त्याचे निरनिराळे पिढीपाठ आहेत. कोलत्यांची 1978 ची आवृत्ती पाहणाऱ्याला पाठभेदांचा प्रश्न टाळता येत नाही. परक्याला वाचता न येणे ही एक हमी, मजकूर न बदलणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

शिवाय या गुप्ततेची किंमतही मोठी होती. पंथाविषयी बाहेर संशय वाढला आणि मराठी गद्याचा एवढा मोठा ठेवा मराठी वाचकालाच दीर्घकाळ परका राहिला.